प्रोफेसर हर्डीकरांचा सत्कार

"अगं, पुढे ढकललंय," मी देवयानीला फोनवर सांगितलं. "दुपारी फ्रीझिंग रेन येणार म्हणतायत ना, रस्त्यांवर नुसता बर्फाचा थर होणार. कॉलेजवाल्यांनी आत्ताच कळवलं. तुम्ही उगाच निघू नका."

हे वरच्या मजल्यावर दाढी करत होते. नळाचं पाणी वाहतंय तोवर मला दोन्ही फोन उरकायचे होते. देवयानी हळहळली. म्हणाली, आमचे प्रतापराव तर सकाळी सातपासून टाय लावून बसलेत, आता त्यांची समजूत कोण घालणार. नवी तारीख कळली की लगेच सांग, असं तिने दोनदा बजावलं. मग मी वॉन गावात राहणाऱ्या लताला फोन लावला. तिने फारशी चौकशी केली नाही, नवऱ्याच्या, ईश्वररावांच्या गुडघ्याचं थोडं सांगितलं आणि बरं म्हणाली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. फोन ठेवून मी पोहे वाढायला घेतले. मला जरासुद्धा चुकल्यासारखं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या वेळी मला मनापासून वाटत होतं की मी नवऱ्याची अब्रू वाचवतेय.

आता हे सगळं मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला वेड लागलंय.

माझे यजमान शशिकांत हर्डीकर. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये छत्तीस वर्षं टेक्निशियन होते. टेक्निशियन. हा शब्द मी गेल्या पन्नास वर्षांत मराठीत कुणासमोर उच्चारला नव्हता. नागपूरचे एम. एस्सी., पहिल्या वर्गातले. बहात्तर साली इथे आले तेव्हा शिकवायच्या जागेसाठी सतरा ठिकाणी अप्लाय केलं. कुठे इथला अनुभव हवा होता, कुठे पीएच. डी. हवी होती. शेवटी ही जागा मिळाली आणि यांनी घेतली. वर्ष-दोन वर्षांत वर सरकू, असं तेव्हा म्हणाले होते. मग मुलगी झाली, घराचे हप्ते सुरू झाले, आणि वर सरकायचं कुणी बोलेनासं झालं.

चौऱ्याहत्तर साली मी लग्न होऊन आले. माझे वडील धंतोलीतल्या शाळेचे हेडमास्तर, पत्रात पहिला प्रश्न त्यांचाच होता, जावईबापू नेमकं काय करतात. मी लिहिलं, कॉलेजात असतात. ते खोटं नव्हतं. पण वडिलांनी ते वाचलं आणि गल्लीभर सांगत सुटले की आमचा जावई कॅनडात प्रोफेसर आहे. पुढच्या पत्रात मी ते दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं. बरं वाटलं मला, का खोटं बोलू.

पण तेवढंच असतं तर निभावलं असतं. वडील गेले, गल्लीही बदलली. खरी चूक मी सत्त्याहत्तरच्या गणपतीत केली. तेव्हा इथे मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवला होता. तिथे प्रतापराव आणि देवयानी पहिल्यांदा भेटले, ते डॉक्टर. ईश्वरराव आणि लता भेटले, ते पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही सहाजण हातात बटाटेवड्याच्या डिशा घेऊन गोलात उभे. प्रतापरावांनी यांना विचारलं, तुम्ही काय करता. यांच्या तोंडात घास होता. मी पटकन म्हणाले, हे कॉलेजात प्रोफेसर आहेत, केमिस्ट्रीचे.

यांनी घास गिळला आणि माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर एवढंच विचारलं, का बोललीस तसं. मी फणकारले, त्यात एवढं काय झालं, म्हणजे काय मी सगळ्यांसमोर टेक्निशियन सांगायचं? हे त्या विषयावर परत कधी बोलले नाहीत, आणि मीही काढला नाही. आमच्या घरात तो विषय तसाच गाडला गेला.

पण नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रतापराव त्या दिवसापासून यांना प्रोफेसरच म्हणायचे. "काय प्रोफेसर, आज वाढायला कुणाला ठेवलंय?" "प्रोफेसर, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक तुम्हीच." आमचं मराठी मंडळ मोठं झालं, नवी सॉफ्टवेअरवाली मुलं आली, तीही प्रोफेसर काका म्हणू लागली. यांना मान खूप मिळाला, पण तो घेताना हे असे अवघडायचे की बघणाऱ्याला वाटावं माणूस किती विनयशील आहे. मला ठाऊक होतं ते काय आहे. पुढे पुढे हे कार्यक्रमात बसायचेच नाहीत. खाली बेसमेंटच्या किचनमध्ये जाऊन मोठी पातेली घासत बसायचे. साबणाने एकदा, पाण्याने तीनदा. लता हसायची, म्हणायची, प्रोफेसरांनी घासलेल्या पातेल्यात तोंड दिसतं. मीही हसायचे. लॅबमधली काचेची भांडी घासायचा यांचा रोजचा शिरस्ता होता तो.

आणि सोमवार. दर सोमवारी यांना यायला उशीर व्हायचा, कारण मंगळवारी विद्यार्थ्यांकडून जो प्रयोग करवून घ्यायचा तो हे आदल्या दिवशी स्वतः एकदा करून बघायचे. वर्षानुवर्षं तेच ते प्रयोग, तरी. तसं करायची नोकरीत काही अट नव्हती. मी चिडायचे. म्हणायचे, तुम्हाला कोण विचारणार आहे? हे म्हणायचे, मुलांच्या हातात द्यायच्या आधी आपण करून बघावं. बस्स. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी करून यायचे, आणि शनिवारी मंडळात जायचं असलं की मी म्हणायचे, हात खिशात ठेवा. कुणी विचारलंच तर मी सांगायचे, रिसर्च चाललाय.

असो. हे रिटायर झाले त्याला पंधरा वर्षं झाली. मी समजले, सुटलो. आता काय कुणी लॅबमध्ये डोकावायला येत नाही.

आणि गेल्या डिसेंबरात कॉलेजचं पत्र आलं. निवृत्त प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांचा विशिष्ट सेवेबद्दल सन्मान, फेब्रुवारीत, दुपारच्या जेवणासोबत. यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने नाव सुचवलं होतं. सोबत छापील कार्ड, आणि प्रत्येक मानकऱ्याला सहा जणांचं टेबल. यांनी पत्र चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "ईराला नाही जमणार यायला. आपण प्रतापला आणि ईश्वरला बोलावू."

मी म्हटलं, अहो, एवढ्या थंडीत कशाला त्यांना त्रास. हे म्हणाले, मी बोलावणार आहे. पन्नास वर्षांत हा माणूस माझ्याशी या सुरात बोलला नव्हता. मी व्हॅन्कुव्हरला ईराला फोन केला, वाटलं लेक तरी समजून घेईल. ती म्हणाली, "मॉम, हू केअर्स व्हॉट ही वॉज? बाबा इज सो हॅपी. प्लीज डोन्ट रुइन इट." तिचं काय जातं बोलायला. तिला मंडळात तोंड दाखवायचं नव्हतं.

कॉलेजच्या वेबसाइटवर यादी आली तेव्हा माझा उरलासुरला धीर गेला. दोन रकाने. डावीकडे फॅकल्टी, चार नावं. उजवीकडे स्टाफ, तीन नावं, त्यात मधलं यांचं, खाली जाड अक्षरात लॅबोरेटरी टेक्निशियन. हेच छापील पुस्तिकेत येणार, हेच माइकवरून वाचणार. प्रतापराव ते ऐकणार. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याला प्रोफेसर म्हणत आले तो कोण होता हे त्यांना भर जेवणात कळणार. हे तर तोंडघशी पडतीलच, पण खरं सांगायचं तर मला माझीच भीती जास्त होती. देवयानी माझ्याकडे कशी बघेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणून ते दोन फोन.

आम्ही निघालो तर बाहेर लख्ख ऊन. फ्रीझिंग रेनचा पत्ता नाही, रस्ते कोरडे ठणठणीत. हे नवा करडा सूट घालून गाडी चालवत होते आणि मधूनच गुणगुणत होते. हॉलमध्ये पोचलो, कोट टांगले, आमचं टेबल खिडकीशी होतं. सहा खुर्च्या, सहा नॅपकिन, प्रत्येक ताटापुढे नावाचं छोटं कार्ड. हे पाहुण्यांची चारही कार्डं वाचत टेबलाभोवती फिरले. प्रतापरावांचं कार्ड उचलून स्वतःच्या शेजारच्या जागी ठेवलं.

तेव्हा मी म्हटलं, देवयानीचा सकाळी फोन आला होता, तिकडे बर्फ आहे म्हणे, त्यांचं काही जमत नाही. लताचंही नाही.

हे म्हणाले, "अच्छा." खिडकीबाहेर उन्हात पार्किंग लॉट चमकत होता. तिकडे थोडा वेळ बघत राहिले. मग वॉशरूमला जाऊन येतो म्हणून उठले आणि दहा मिनिटं आलेच नाहीत. परत आले ते शांत होते. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि सूप प्यायले. वेट्रेस मुलगी आली, विचारलं तुमचे पाहुणे यायचेत का. यांनी सांगितलं, नाही, आम्ही दोघंच. तिने बिचारीने चारी जागांचे काटेचमचे, पेले आणि ती कार्डं गोळा करून नेली. शेजारच्या टेबलावर कुणाची नातवंडं खिदळत होती. आमच्या टेबलावर एवढं मोठं पांढरं कापड उरलं होतं की मीठदाणी कुठे ठेवावी कळेना.

यांचं नाव पुकारलं. आधी ती विद्यार्थिनी बोलायला उठली. डोना नावाची बाई, साठीला आलेली, आता इथल्याच, कॅनडातल्या लंडनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबची प्रमुख. ती म्हणाली, मी एकोणिसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन शिकायला आले होते. पहिल्या सत्रात माझं थेंब मोजून करायचं एकही टायट्रेशन बरोबर येईना. कोर्स सोडायचं ठरवलं होतं. मिस्टर हर्डीकरांनी मला रोज जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. अकरा आठवडे. स्वतःचा डबा बाजूला ठेवून माझ्याशेजारी उभे राहायचे. थेंब जास्त पडला की म्हणायचे, काही बिघडलं नाही, परत कर, घाई कोणाला आहे. ती म्हणाली, आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात. नवीन माणूस आला की मी त्याला पहिली गोष्ट हीच सांगते की दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी स्वतः करून बघ. आणि मग तिने सांगितलं की छत्तीस वर्षांत त्या लॅबमध्ये एकाही मुलाला इजा झाली नाही. एकाही.

सगळा हॉल उभा राहिला. डाव्या रकान्यातले चौघेही उभे राहिले. मीही उठले, टाळ्या वाजवल्या, आणि मला एकदम इतकं रडू आलं की नॅपकिन तोंडात कोंबावा लागला. अकरा आठवडे हा माणूस डबा न खाता घरी यायचा आणि मी म्हणायचे, आजही पोळ्या तशाच परत आणल्या, आवडत नसेल माझ्या हातचं तर सांगा. कधी विचारलंच नाही मी. मला ऐकायचंच नव्हतं, कारण ऐकलं असतं तर ते लॅबमधलं असतं.

यांना बोलायला दोन मिनिटं होती. खिशात घडी घातलेला कागद होता, आठवडाभर बसून लिहिलेला. यांनी तो काढला, वरून खालपर्यंत पाहिला आणि परत खिशात ठेवला. आभार मानले, डोनाचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, आणि खाली आले. अर्धं मिनिटही लागलं नाही.

परतताना गाडी सुरू करायच्या आधी हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"मी प्रतापला फोन केला होता," म्हणाले. "मघाशी. म्हटलं, येता आलं नाही म्हणून त्याला वाईट वाटत असेल."

मी सीटबेल्ट ओढत राहिले.

"तो म्हणाला, अरे, सुहासिनीने सांगितलं पुढे ढकललंय म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, हो. ढकललंय. तेच सांगायला फोन केला."

मला वाटलं आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीच बोलत सुटले. तुमच्यासाठीच केलं, त्यांच्यासमोर शोभा झाली असती, इतकी वर्षं सांभाळलेलं एका दुपारी गेलं असतं, असं काय काय. यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना माहीत होतं, सुहास," हे म्हणाले. "मी संक्रांतीलाच सांगितलं. तिळगुळाचे फोन केले ना, तेव्हा. तू देवळात गेली होतीस. प्रतापला सांगितलं, ईश्वरला सांगितलं. म्हटलं, मी प्रोफेसर कधी नव्हतो, लॅब टेक्निशियन होतो, आणि त्यासाठीच सत्कार आहे. तुझं नाव नाही घेतलं. तेव्हा मीच थाप मारली होती म्हणालो. पहिल्यांदा कोण बोललं ते आता कोणाला आठवतंय."

"काय म्हणाले?"

"ईश्वर म्हणाला, अरे मग काय झालं. प्रताप मग म्हणाला, आता तुला हाक काय मारू? मी म्हटलं, शशी म्हण. तो म्हणाला, येतो त्या दिवशी आणि सगळ्यांसमोर म्हणतो."

एवढं बोलून यांनी गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मी काय काय ठरवलं. घरी जाऊन आधी देवयानीला फोन करायचा, सगळं ओकून टाकायचं, पाय धरायचे. बाई, मी खोटं बोलले, आजही आणि सत्त्याहत्तर सालीही, हे वाक्यसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं. त्यांना उद्याच जेवायला बोलवायचं, डोना काय बोलली ते सांगायचं. एवढं अवघड नव्हतं ते. ज्यांना सगळं माहीत आहे त्यांना काय सांगायचं राहिलं होतं? फक्त माझं.

घरी आलो. यांनी कोट काढला, सन्मानाची काचेची पट्टी तिच्या डब्यासकट कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ब्लँकेटच्या मागे ठेवली. बाहेर का नाही ठेवत, असं मी विचारलं. हे म्हणाले, कुणी आलं तर दिसेल, सत्कार पुढे ढकललाय ना. मी चहा टाकला. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो होतो तेवढ्यात फोन वाजला. देवयानीच होती.

ती म्हणाली, अगं, इथे तर चांगलं ऊन पडलंय, उगाच घाबरवतात हे हवामानवाले. आणि नवी तारीख काही कळली का, प्रतापराव सारखे विचारतायत.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. हे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघत होते. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण या माणसाने माझ्याकडून कशाची अशी वाट पाहिलेली मला आठवत नाही. मनात जुळवलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"एप्रिलमध्ये म्हणतायत," मी म्हटलं. "अकरा तारीख."

कशी आली जिभेवर देव जाणे. देवयानी म्हणाली, छान, तोवर थंडीही सरेल. मी फोन ठेवला. वर बघायची हिंमत होईना, म्हणून कपातल्या चहाकडे बघत राहिले.

हे उठले. मला वाटलं वर खोलीत जातील. पण हे फ्रिजजवळ गेले, तिथे मंडळाचं कॅलेंडर टांगलेलं असतं. खिशातून पेन्सिल काढली.

"अकरा म्हणालीस ना?" त्यांनी विचारलं. "लिहून ठेवतो. दोघांचं उत्तर एकच यायला हवं."

आणि दोन पानं वर उचलून, एका हाताने ती धरून, त्यांनी एप्रिलच्या अकरा तारखेवर बारीक, स्वच्छ अक्षरात 'सत्कार' असं लिहिलं.